माणसांसकट

८ जानेवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचं मागचं पत्र, ते पासपोर्टच्या फोटोत कान लहान करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं, सौ.ने माझ्याआधी शेजारणीला वाचून दाखवलं. मला ते हातोहात फिरून चुरगळलेलं मिळालं. हल्ली तुमच्या पत्रांना घरात माझ्यापेक्षा जास्त मान आहे.

आज मात्र कामाचं लिहितो. आमच्या छापखान्याला एक मोठं पुस्तक मिळालंय, आणि ते आपल्याच भागाचं आहे. पर्यटन मंडळाला खाडीकाठच्या सगळ्या पट्ट्याचं छायाचित्रांचं पुस्तक काढायचं आहे. दीपगृह, दगडी पूल, मिठागरं, बंद पडलेली गिरणी. थोडा इतिहास, पण मुख्य फोटोच. पुढे तेच फोटो मोठे करून तुमच्या वाचनालयाच्या सभागृहात लावणार आहेत. अध्यक्षांनी विचारलं, फोटोग्राफर कोण घ्यायचा? मी तोंड उघडायच्या आत आमच्या मालकांनी दादाचं नाव घेतलं. मी नुसता टेबलाखाली पाय आवळून बसून राहिलो.

दादाचे जुने काही फोटो चालतील, पण निम्मे तरी नवे हवेत. अध्यक्षांना त्याची जुनी पद्धत फार आवडते. चौकटीत एकही माणूस नाही, नुसता दगड, पाणी आणि आभाळ. मी कॉलेजात असताना त्याच्याबरोबर पुलावर गेलो होतो ते आठवतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हात जोडून सांगायचा, "काका, जरा पलीकडे व्हा, पूल दिसू द्या." एक काका काही केल्या हलेनात, तेव्हा त्यांना चहाच्या दुकानात नेऊन बसवलं आणि मला त्यांच्यावर पहाऱ्याला ठेवलं. काकांच्या मूळव्याधीची सगळी हकीगत मी ऐकली, आणि दादाला त्याचा रिकामा पूल मिळाला.

त्याला विचारून लवकर कळवा. आणि नेहमीसारख्या खाली दोन ओळी त्याला स्वतःच्या हातानं लिहायला सांगा. मागच्या दोन पत्रांत नव्हत्या.

तुमचा,
भाऊजी


२० जानेवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. हे हो म्हणाले. तुमचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा दाढी चालली होती. "पुन्हा वाच" म्हणाले. पुन्हा वाचलं. मग गालाला साबण तसाच ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसले. समोरच्या औषधवाल्यानं विचारलं, "काय साहेब, अर्ध्यावरच?" तर त्याला सांगतात कसे, "अरे, पुस्तक निघतंय." साबण वाळून पापड झाला तरी आत आले नाहीत.

दोन ओळींचं म्हणाल तर ह्यांचे हात सारखे रसायनात असतात, कागदाला डाग पडतात. ह्यांच्या वाटचा नमस्कार मीच लिहिते, गोड मानून घ्या.

दीपगृहापासून सुरुवात केली. मीही बरोबर जाते, स्टँड उचलायला. दुकान अर्धा दिवस बंद असतं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुर करतात, पण करू देत. दीपगृहाचा जिना तुम्हाला माहीत आहे. वर पोहोचेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून ह्यांना फार शांत वाटलं म्हणे. गॅलरीत रखवालदाराची बायको काचा पुसत होती. खाली उतरून कॅमेरा लावला तेव्हा हे म्हणाले, "तिला हाक मारून आत जायला सांग." मी काही हाक मारली नाही. वारा इतका होता की ऐकू गेली नसती.

जाऊबाईंना सांगा, त्या कानवाल्याचं लग्न जमलं. कानांसकट.

तुमची,
वहिनी


१४ मार्च

प्रिय वहिनी,

पाकीट मिळालं. सगळे फोटो आमच्या मोठ्या टेबलावर मांडले आणि जेवायला जायचं विसरून गेलो.

दादाला झालंय काय? दीपगृहाच्या गॅलरीत ती काच पुसणारी बाई, बोटाएवढी, पण तिचा उचललेला हात दिसतो आणि मग ते दीपगृह केवढं आहे ते एकदम समजतं. गिरणीच्या चिमणीखाली पत्ते खेळणारे म्हातारे. आणि तो पूल. कठड्यावर ओळीनं वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी आणि एक बाई चादर झटकतेय, ती चादर हवेत शिडासारखी फुगलेली. दादानं आयुष्यात इतका चांगला फोटो काढलेला नाही, हे मी त्याचा भाऊ म्हणून नाही, छापणारा म्हणून सांगतो. आमच्या खात्यातला सगळ्यात कुजकट माणूससुद्धा चष्मा लावून पुन्हा बघायला आला. माणूस उतारवयात मऊ होतो म्हणतात ते खरं असावं.

आता वाईट बातमी. अध्यक्षांनी पुलाचा फोटो हातात धरला आणि म्हणाले, "हे पुलाचं चित्र आहे की चादरींचं?" त्यांना पूल, गिरणी आणि दीपगृह, तिन्ही पुन्हा काढून हवेत. माणसं नकोत. पाहुण्यांना निसर्ग दाखवायचा आहे, धुणं नाही, असं म्हणतात. मला स्वतःला हे असेच हवेत, पण माझ्या आवडीला इथं विचारतो कोण. दादाला जमेल का एवढं पाहा.

ह्या वेळीही त्याच्या ओळी नाहीत. रागावलाय का माझ्यावर?

भाऊजी


२५ मार्च

प्रिय भाऊजी,

हे पुन्हा जाणार नाहीत. गुडघे दुखतात.

तुमच्या अध्यक्षांना सांगा, पूल चादरींसकटच आहे. गाड्यांसाठी बंद केल्यापासून दवाखान्याच्या चादरी धुणारी बाई रोज तिथं चादरी घालते. ती आणि तिची सून कठड्यावरचं गवत उपटतात, शेवाळ घासून काढतात, नाहीतर चादरींना डाग लागतील. ती नसती तर त्या पुलावर आज झाडं उगवली असती आणि अध्यक्षांना झाडांचा फोटो काढावा लागला असता. चिमणीखालचे म्हातारे गिरणीतलेच आहेत. त्यातला एक भोंगा वाजवायचा. पानं हातात असतानासुद्धा दुपार झाली की वर बघतो. मी विचारलं तर म्हणाला, "मान वळते, बाई, मी नाही वळवत." त्यांना उठवून चिमणीचा फोटो काढायचा म्हणजे घरातल्या माणसांना बाहेर काढून घराचा फोटो काढल्यासारखं आहे.

आणि एकदा काढलेला फोटो सांगून पुन्हा काढला की तो फोटो राहत नाही, हजेरी होते. असं हे म्हणतात. म्हणजे विचारलं तर म्हणतील.

मिठागरांचे फोटो पुढच्या आठवड्यात पाठवते. तेही माणसांचेच आहेत, आधीच सांगून ठेवते.

रागावलेले नाहीत. तुम्ही मनात काही आणू नका.

वहिनी


२ जून

वहिनी,

एप्रिलमध्ये मी दादासाठी गाडीचं तिकीट पाठवलं. चार दिवस इथं राहून त्यानं छापाईचे नमुने स्वतः बघावेत, काळं किती गडद हवं ते सांगावं, एवढंच म्हणणं होतं. पस्तीस वर्षं ज्यानं एकेका फोटोचं काळं-पांढरं घासून काढलं, त्याला हे आवडेल असं वाटलं. उत्तर तुमचं आलं, "जमणार नाही." तिकीट परत. पुन्हा लिहिलं. पुन्हा तुमचंच, "सध्या कामात आहेत."

मग गेल्या आठवड्यात आमचा कागद पुरवणारा तुमच्या गावावरून जात होता, त्याला मी मुद्दाम दुकानात जायला सांगितलं. तुम्ही त्याला दारातच म्हणालात, घरी नाहीत. त्यानं आत दादाचा खोकला ऐकला. दादाचा खोकला मी जगाच्या पाठीवर कुठंही ओळखेन आणि मी त्याची नक्कल ह्या माणसाला शंभरदा करून दाखवली आहे.

अध्यक्ष म्हणताहेत, प्रदर्शनाच्या दिवशी दादानं एकेका फोटोसमोर उभं राहून लोकांना माहिती सांगावी. मी काय सांगू त्यांना? माझ्या सख्ख्या भावानं सहा महिन्यांत मला एक अक्षर लिहिलं नाही. तुमची पत्रं येतात, गोड असतात, त्यात ह्यांचा नमस्कार असतो. पण वहिनी, मला आता असं वाटायला लागलंय की दादा आणि मी ह्यांच्यामध्ये तुम्ही उभ्या आहात. कशासाठी, ते मला कळत नाही. पहिल्यापासून तुम्हाला आम्ही शहरात बोलवतो ते आवडलेलं नाही, हे माहीत आहे. पण एवढं?

सौ. म्हणाली हे पत्र पाठवू नका. मी पाठवतोय.

भाऊजी


९ जून

चि. बारक्यास,

आशीर्वाद. हे पत्र मी सांगतोय आणि समोरचा औषधवाला लिहितोय. त्याचं अक्षर तुला लागेल तसं लाव. (अक्षर उत्तम आहे. औ.) तुझी वहिनी बाजारात गेली आहे, ती यायच्या आत संपवायचं आहे.

मला दिसत नाही. म्हणजे कडेकडेनं दिसतं, मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. चहाचा कप बघायचा तर बशीच्या पलीकडे बघावं लागतं. गेल्या वर्षाच्या शेवटी सुरू झालं. दोन डॉक्टर झाले, दोघंही म्हणाले, आहे तेवढं सांभाळा, गेलेलं येणार नाही. चालता येतं, गल्लीतल्या कुणाला कळलेलं नाही. (मला कळलं होतं. गोळ्यांच्या पाकिटावरची नावं मला वाचायला लावतात. औ.) तुझे कागद वाचता येत नाहीत आणि दोन ओळी लिहिल्या तर त्या एकमेकींवर चढतात.

तुला सांगायचं नाही असं मीच तिला बजावलं. तू काम काढून घेतलं असतंस, तेही प्रेमानं, आणि मला न्यायला आला असतास. तो कागदवाला आला तेव्हा मीच आतून खूण केली, नाही म्हणून सांग. खोकला आला त्याला मी काय करू.

फोटो सगळे तिचे आहेत. माझं असं ठरलं होतं की मी सांगायचं आणि तिनं कळ दाबायची. ती सगळी ठिकाणं मला पाठ. कठड्यापासून किती मागे, आभाळ किती सोडायचं, ऊन कुठल्या दगडावर आलं की दाबायचं. पहिल्या दिवशी ती हो हो म्हणत राहिली. फिल्म रिळावर चढवायची असते ती पुऱ्या अंधारात, ते काम अजून माझ्याकडेच आहे, तिथं आम्ही दोघं सारखेच. पण छापणार ती, बघणार ती. मी विचारलं, "रिकामं आलंय ना?" म्हणाली, "हो, रिकामंच आहे." मी समाधानानं झोपलो.

मग तुझं मार्चचं पत्र आलं. ती मधलं गाळत मोठ्यानं वाचत होती आणि चादरींपाशी अडखळली. मी म्हटलं, कसल्या चादरी? मग सगळं बाहेर आलं. काच पुसणारी, पत्तेवाले, सगळे. दोन महिने मी ज्यांना माझे रिकामे फोटो समजत होतो त्यांत निम्मं गाव येऊन बसलं होतं.

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. ती समजली, खोटं बोलले म्हणून रागावलेत. तसं नव्हतं. तुला सांगतो, तिला सांगितलेलं नाही. तू लिहिलं होतंस, आयुष्यात इतका चांगला फोटो काढला नाही. ते माझ्या जिव्हारी लागलं. बाकीचं सगळं आयुष्य मी काढलेले फोटो होते, आणि जो चांगला म्हणतोस तो माझा नव्हता. (इथं साहेबांनी पाणी मागितलं. औ.)

मिठागरांना जाताना मी तिला काही सांगितलं नाही. नुसता गेलो आणि मिठाच्या ढिगाला टेकून बसलो. ती लांब बायकांशी बोलत होती, हसण्याचे आवाज येत होते आणि मधेच कॅमेऱ्याचा. मी तिथं इतक्या वेळा गेलोय, पण कॅमेरा लावायच्या आधी तासभर नुसतं बोलत बसायचं, हे मला कधी सुचलं नाही.

आता तुझं परवाचं पत्र. तिनं मला वाचून दाखवलं, तिकिटाचं, अध्यक्षांचं, आणि म्हणाली, झालं. कागद दोनदा उलटल्याचा आवाज आला आणि वाचणं एकाच पानाचं झालं. काल ते पत्र मी खिशात घालून इथं आणलं आणि औषधवाल्याकडून पुरतं ऐकलं. बारक्या, ती मध्ये उभी नाहीये. मी तिच्या मागे उभा आहे, एवढंच.

तिला काही लागलंय असं ती मला कळू देत नाही. पण गेले दोन दिवस भांडी फार जपून ठेवते. एरवी आपटते. तेव्हा ते शब्द परत घे. आणि पुस्तकावर नाव तिचं घाल.

ती कोपऱ्यावर आली वाटतं. (आली आहेत, पिशवी जड दिसते. औ.)

दादा


१८ जून

प्रिय वहिनी,

दादाचं पत्र मिळालं. औषधवाल्याच्या हातचं. ते तुम्हाला माहीत नसेल तर आता माहीत झालं.

मी कामावरून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. सौ.ने पत्र वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं पाठवू नका." मला त्या पत्रातलं एकेक वाक्य पाठ आहे आणि एकही परत घेता येत नाही, कारण तुम्ही ते वाचलंय. तरी घेतो. तुम्ही मध्ये उभ्या आहात असं मी लिहिलं. माझा भाऊ आंधळा होत असताना त्याच्या शेजारी कोण उभं होतं, तर तुम्ही. मी इथं बसून तुम्ही काढलेल्या फोटोंवर त्याची स्तुती करत होतो.

मोठ्या डॉक्टरांना इथं विचारून ठेवलंय, त्यांचंही म्हणणं तेच पडलं. पण निदान एकदा दाखवू. त्याला न्यायला येतो असं समजू नका. घेऊन येईन आणि परत पोहोचवेन.

नावाचं मी अध्यक्षांकडे काढणार आहे. तुमची परवानगी गृहीत धरत नाही, ह्या वेळी विचारतो.

माफ करा.

भाऊजी


१ जुलै

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. झालं गेलं. तुम्ही रागावलात ते भावासाठीच, माझ्याशी वैर म्हणून नाही, एवढं मला पहिल्या वाचण्यातच कळलं होतं. तरी लागायचं ते लागलंच. आता नाही.

औषधवाल्याला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला ह्यांचा हात धरून पायरी उतरवायला आला, तर हे त्याच्यावर असे खेकसले की तो दुधाचा कॅन तिथंच ठेवून पळाला. एक मात्र झालं. आता ह्यांना बाहेर सोंग करावं लागत नाही. तिरकं बघायचं तर उघड तिरकं बघतात. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखे चालतात.

ह्यांनी पत्रात काय लिहिलं मला माहीत नाही. औषधवाल्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, ते धंद्याचं गुपित." विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. एक दिवस आपणहून सांगतील.

नावाचं लिहिता. खरं सांगू का? मला भीती वाटते. इतकी वर्षं मी दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या चेहऱ्यांवरून ब्रश फिरवला. सुरकुत्या पुसायच्या, डाग काढायचे, डोळे उघडे करायचे. गावातल्या प्रत्येकाच्या कपाळावर किती आठ्या आहेत ते त्यांच्या बायकांपेक्षा मला जास्त ठाऊक. पहिल्यांदा त्या भिंगातून पाहिलं तेव्हा दीपगृह मला दिसलंच नाही, त्या बाईचा हातच दिसला. ह्यांना खोटं सांगितलं त्याचं वाईट वाटतं. पण खरं सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, पुन्हा काढ, आणि मी पुन्हा काढलं असतं.

पुस्तकावर एकटीचं नाव नको. त्यात जुने निम्मे ह्यांचे आहेत, ते मी माझे कसे म्हणू? आणि माझे ह्यांच्या नावावर आता मलाही नको वाटतात. हे आज लिहिताना कळलं. तेव्हा ज्याचा फोटो, त्याखाली त्याचं नाव. जमत असेल तर बघा. नसेल जमत तर भांडू नका, तुमची नोकरी आहे.

डॉक्टरांकडे येऊ. हे "बघू" म्हणालेत, म्हणजे येतील.

वहिनी


२० सप्टेंबर

प्रिय वहिनी,

जमलं. अध्यक्ष आधी म्हणाले, एका पुस्तकात दोन फोटोग्राफर म्हणजे लोकांना वाटेल पहिला मधेच वारला. मग म्हणाले, बाईमाणूस दीपगृहावर चढली हे कुणाला खरं वाटेल? मी म्हटलं, तुम्ही चढून दाखवा, मग ठरवू. आमचे मालक मधे पडले. त्यांनी अध्यक्षांना शांतपणे सांगितलं की पानं जुळून तयार आहेत, सभागृह ठरलंय, आणि नवे फोटो काढायला दुसरा माणूस मिळाला तरी तो कठड्यावरच्या चादरी उचलू शकणार नाही. अध्यक्षांनी मान हलवली. खूश नाहीत, पण हलवली.

प्रत्येक फोटोखाली त्याचं-त्याचं नाव. मी स्वतः अक्षरांचे खिळे जुळवले. तुमच्या नावातलं एक अक्षर तुटकं निघालं म्हणून संपूर्ण ओळ पुन्हा लावली.

दादा इथं डॉक्टरांकडे आला होता तेव्हा एका दुपारी त्याला छापखान्यात नेलं, हे त्यानं सांगितलं असेलच. नमुने त्यानं बोटांनी पाहिले. शाईचा वास घेऊन म्हणाला, "काळं जरा कमी कर, मिठाला धाप लागेल." मी कमी केलं. त्याचं बरोबर होतं.

उद्घाटनाला मी येतोय. सौ. येऊ शकत नाही, तिच्या आईचं दुखणं आहे. ती म्हणते, सगळं नीट लिहून कळवा, ह्यांच्यावर भरवसा नाही.

भाऊजी


१७ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी आणि जाऊबाई,

अनेक आशीर्वाद. भाऊजींनी निम्मं सांगितलं असेल. गर्दी, अध्यक्षांचं लांबलेलं भाषण, चादरीवाली बाई सुनेला घेऊन आली आणि आपल्या फोटोसमोर इतका वेळ उभी राहिली की मागच्यांची रांग अडली, हे सगळं त्यांच्यादेखत झालं. हे आत आले नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिले, तेही भाऊजींनी पाहिलं. दोघं भाऊ तिथं बराच वेळ बसले होते. मी खिडकीतून पाहत होते, फोटो काढला नाही.

पुढचं लिहिते. भाऊजींची बस गेली, सभागृह रिकामं झालं, दारवान दिवे मालवायला आला. तेव्हा हे उठून आत आले. म्हणाले, "आता दाखव." दारवानाला म्हटलं, थोडं थांबा. तो बिचारा खुर्ची घेऊन दारात बसला.

एकेका फोटोसमोर नेलं. फोटो बघायचा तर ह्यांना शेजारच्या भिंतीकडे बघावं लागतं. डोळ्याच्या कडेनं जेवढं येईल तेवढं घेतात आणि उरलेलं मी सांगते. स्वतःच्या फोटोंपाशी थांबायचे आणि "हा चांगला होता" म्हणायचे, मीही "होता" म्हणायचे. खरोखरच चांगले आहेत, भाऊजी. ह्यांचं आभाळ मला कधी जमणार नाही. पुलापाशी आले. नुसतं विचारलं, "चादर कुठल्या बाजूला फुगली आहे?" मी हात धरून दाखवलं.

मग मिठागर. त्यात काय आहे ते जाऊबाईंसाठी सांगते. पांढऱ्या ढिगावर पाच-सहा बायका सुटीत बसल्या आहेत. सगळ्यांत उंच आहे ती बूट उलटा करून त्यातलं मीठ झाडते आहे आणि बाकीच्या तिला हसताहेत. हे भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मग म्हणाले, "मी तिथं इतकी वर्षं उभा राहिलो. तेव्हाही ह्या हसायच्या का?"

मी म्हटलं, "हसायच्या. तुम्ही बाजूला व्हायला सांगितलंत की जास्तच हसायच्या."

ह्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला. दारवान पाणी घेऊन धावला. पाणी पिऊन झाल्यावर माझा हात सोडला नाही आणि मार्चपासून मनात ठेवलेलं सांगून टाकलं. ते काय ते भाऊजींना ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही. मी म्हटलं, मलाही ह्यांच्या आभाळाचा हेवा वाटतो, आजचा नाही, लग्न झाल्यापासूनचा. मग दारवानानं दिवे मालवले आणि आम्ही घरी आलो. वाटेत मला म्हणतात, मिठागरात तू चार पावलं डावीकडे असायला हवी होतीस. घर येईपर्यंत वाद चालला. फार बरं वाटलं.

काल दुकानात ती उंच बाई आली, बूटवाली. कामावरून तशीच, पायांना मीठ. मला वाटलं मिठागराच्या फोटोची प्रत हवी असेल. तर म्हणाली, "तो नको. त्यात सगळ्या आहेत आणि मीठ आहे. मीठ मी रोज बघते. मला माझा एकटीचा काढून द्या. मागे काही नको."

हे आतून बाहेर आले. मागचा रंगवलेला पडदा, तो तळं आणि झाडांचा, ह्यांनी चाचपत स्वतः गुंडाळला. तिला स्टुलावर बसवलं, दिव्याची ऊब हातावर घेऊन तो जरा मागे सरकवला आणि मला म्हणाले, "तयार आहे." मी भिंगातून पाहिलं. बाई ताठ बसली होती, हात मांडीवर, बोटं मिठानं भेगाळलेली. तिनं विचारलं, "हसू का?" हे म्हणाले, "तुम्हाला हवं तसं करा." ती थोडा वेळ विचारात पडली आणि मग हसली नाही.

प्रत सोबत पाठवते आहे. चेहऱ्यावरून ब्रश फिरवलेला नाही. जाऊबाई, तुम्ही बघा, आणि कशी वाटते ते सविस्तर लिहा.

तुमची,
वहिनी